बर्फावरचा खो

(कमल जाधव यांनी सांगितलेलं, सांता क्लारातल्या शेजारणीनं लिहून घेतलेलं)

मी मूळची विट्याजवळच्या खेड्यातली, नाव कमल, आणि आता हितं सांता क्लारात तुमच्या शेजारी लेकीकडं आलेली. वडील यंत्रमागावर कामाला हुते, आई घरात बसून कांड्या भरायची, आणि आम्ही पाच भावंडं, त्यात मी मधली, म्हंजे लाडाची बी न्हाई आणि कामाची बी न्हाई, म्हणून तर मला खेळायला मिळालं. शाळेपुढं मैदान हुतं, तितं खो-खो चालायचा, आणि काय सांगू तुम्हाला, मी पळायला लागले की बाकीच्या पोरी नुसत्या बघत ऱ्हायच्या. आठवीत तालुक्याला खेळले, नववीत जिल्ह्याला, दहावीत आमच्या बाई घरी आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, कमलची राज्याच्या सरावाला निवड झाली, सोलापूरला पाठवा. वडील पाठवतो म्हणाले. आणि त्याच महिन्यात स्थळ आलं. मग वडील म्हणाले, बाई, मुलगा एसटीच्या वर्कशॉपात हाय, असं स्थळ परत येत न्हाई, खेळ काय कुठं पळून जातोय का. झालं लग्न. राग न्हाई हं माझा, वडिलांवर बी न्हाई, नवऱ्यावर बी न्हाई, माणूस चांगला हुता, पण आमची वैशाली सात वर्षांची असताना गेला, आणि मला विट्यातल्या मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून घेतलं.

अठ्ठावीस वर्षं केली नोकरी. घंटा मारायची, पाणी भरायचं, नोटीस घेऊन वर्गावर्गात जायचं, संध्याकाळी वर्ग झाडायचे. वैशाली त्याच शाळेत शिकली. समद्या पोरी मला मावशी म्हणायच्या, वैशाली बी शाळेत मावशीच म्हणायची, आणि ते मीच सांगितलं हुतं तिला, उगं पोरींनी चिडवायला नको. घरी आली की दप्तर टाकायच्या आधी आई म्हणून हाक मारायची, दिवसभराची साठवलेली. हुशार पोर. सांगलीला इंजिनेर झाली, पुण्यात नोकरी लागली, तितंच निखिलराव भेटले, आणि दोघं हिकडं आले. मी निवृत्त झाले तशी मागं लागली, आई ये, आई ये. आले मी, दोन हजार पाचची दिवाळी करून.

तुम्हाला म्हणून सांगते, पहिला महिना लई जड गेला. दोघं सकाळी कामाला, नात ईरा शाळेला, आणि घरात मी आणि तो फ्रिज. फ्रिज घूं करायचा, मी हुं म्हणायची. ईरा आठ वर्षांची, गोड पोर, पण मी मराठीत इचारणार आणि ती इंग्लिशमध्ये सांगणार, आणि मधी वैशाली असली तर ठीक, न्हाईतर दोघी एकमेकींकडं बघून हसायचो. भाकरी खायची ती माझ्या हातची, तूप लावून, तेवढंच आमचं बोलणं.

मग एक दिवस जेवताना निखिलराव म्हणाले, आई, नाताळच्या सुट्टीत आपण टाहोला जातोय, डोंगरात, स्नोमध्ये, मला कंपनीनं बक्षीस म्हणून चार दिवसांचं रिसॉर्ट दिलंय, एकदम पॉश. मी म्हणलं, मी काय करू तितं, तुम्ही जावा, मी घर राखते. ईरा म्हणाली, नो आज्जी, यू आर कमिंग. एवढं इंग्लिश मला कळत हुतं.

चार तास गाडी. सपाटी संपली, झाडं उंच व्हायला लागली, मग रस्त्याच्या कडंला थोडं पांढरं, मग जास्त, मग एका ठिकाणी समद्या गाड्या थांबवून चाकांना साखळ्या बांधायला लावल्या. निखिलराव बर्फात गुडघे टेकून साखळी ओढायला लागले, त्यांना जमेना, मी खाली उतरले आणि दुसऱ्या बाजूनं धरली. ते म्हणाले, आई तुम्ही बसा, थंडी आहे. मी म्हणलं, एसटी वर्कशॉपवाल्याशी संसार केलाय मी, ओढा तुम्ही. बसली साखळी. बर्फाला हात लावला तो तितं पहिल्यांदा. मला वाटलं हुतं फ्रिजातल्यासारखा असंल, तर न्हाई, पिठासारखा, मुठीत धरला की करकर वाजतो.

आणि ते रिसॉर्ट. गाडी थांबली तशी एक माणूस पळत आला आणि माझं दार उघडलं, बॅग घेतली, आणि मला मॅडम म्हणाला. मी मागं वळून बघितलं कुणाला म्हणतोय. आत गेलो तर दगडाची शेकोटी, आपल्या शाळेच्या ऑफिसएवढी, अख्खे ओंडके जळत हुते आणि लोक पाय लांब करून पुस्तकं वाचत बसले हुते. खोलीत गादी अशी की मी बसले आणि खालीच गेले. आणि न्हाणीघरातली फरशी गरम. मी पाय ठेवला, परत उचलला, हात लावून बघितला, आणि खरं सांगते, तितंच खाली बसले. वैशालीनं दार वाजवलं, आई बरी आहेस ना, म्हणलं बरी हाय, जरा बसलेय.

पहिल्या दिवशी तिघं बर्फावर घसरायला, म्हंजे ते स्की करायला गेली. ईराचं ते तिसरं वर्ष, ती तर नुसती चिमणीवाणी उतरायची. मला वैशालीनं मोठ्या खिडकीशी बसवलं, शाल दिली, चॉकलेटचं गरम दूध दिलं आणि म्हणाली, आई, तू इथून मस्त बघ. मी बघत बसले. खिडकीसमोरच शिकायचा उतार हुता, बेताचा, आणि तितं मोठीमोठी माणसं पायाला पट्ट्या लावून धडाधड पडत हुती. त्यांना शिकवणारी बाई मात्र म्हातारी, पांढरे केस टोपीखालून बाहेर आलेले, निळं जाकीट. ती वाकून दाखवायची आणि घसरायची, असं वाटायचं कुणी हातानं अलगद पुढं ढकलतंय. मी दोन तास बघितलं, दूध निवून गेलं. त्या पडणाऱ्या माणसांचं काय चुकतंय ते मला दिसत हुतं, बगा. ती भिऊन ताठ उभी ऱ्हायची आणि मागं रेलायची. मी मनात म्हणत हुते, अगं बस की खाली, पुढं झुक, पुढं. खुर्चीखाली माझे पाय आपोआप हलत हुते.

संध्याकाळी म्हणलं, वैशाली, मला बी शिकायचं. ती हसली, मग मी हसत न्हाई बघून थांबली. म्हणाली, आई, प्लीज, साठ वर्षांची आहेस तू, बीपीची गोळी चालू आहे, इथं पाय मोडला तर केवढ्याला पडेल माहितीये, आणि तुझं करणार कोण. निखिलराव म्हणाले, एक लेसन घेऊ दे ना गं. ती त्यांच्यावर बी चिडली, निखिल, तू मध्ये पडू नकोस.

मग मी आणि वैशाली रिसॉर्टच्या गरम पाण्याच्या हौदात गेलो. उघड्यावर हौद, डोक्यावर बर्फ भुरभुरतोय आणि गळ्यापर्यंत ऊन ऊन पाणी, वाफा निघत्यात. मी गाउनमध्येच उतरले, कुणी काय म्हणलं न्हाई. तितं तिला सांगितलं. राज्याच्या निवडीचं, बाई घरी आल्याचं, सोलापूरचं. एवढी वर्षं बोलले नव्हते, का ते मला बी ठाऊक न्हाई, सांगायचं म्हणून कधी वेळच आली न्हाई. ती म्हणाली, म्हणजे तू शाळा सुटल्यावर मैदानावर थांबून मुलींना खो-खो शिकवायचीस ते. मी म्हणलं, शिकवायला मी काय मास्तरीण हाय का, चार गोष्टी सांगायची. मग ती म्हणाली, मला वाटायचं तुला घरी यायचा कंटाळा येतो. मी तिच्या डोक्यावरचा बर्फ झाडला.

सकाळी उठले तर तिनं तिची जुनी स्कीची पँट माझ्या पलंगावर काढून ठेवली हुती. शिकवणीचा फॉर्म बी भरून आली. जन्मात पहिल्यांदा पँट घातली मी, आतून दोन थर, वर जाकीट, टोपी, चष्मा. आरशात बघितलं, कोण गं ही बया, असं झालं. आणि ते बूट म्हंजे दोन्ही पायांना प्लास्टर, चालताना ठाकठुक, ठाकठुक, ईरा पोट धरून हसली.

ती निळ्या जाकिटातली बाईच माझी मास्तरीण निघाली. नाव जोन, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिला मराठी न्हाई, मला इंग्लिश न्हाई, ईरा मधी, मोडक्या मराठीत. जोन म्हणायची पिझ्झा, आणि पाय पुढून जुळवून मागून फाकवून दाखवायची, म्हंजे वेग कमी हुतो. मला पिझ्झाचं काय लक्षात येईना, मी म्हणलं सूप, आपलं पाखडायचं सूप, तसे पाय. ते ईराला हातानं पाखडून दाखवलं, तिनं जोनला सांगितलं, आणि मग जोन बी ओरडायला लागली, कमल, सूप, सूप. बाकीच्या लोकांना वाटलं जेवायची सुट्टी झाली.

पहिल्या वेळंला मी खाली बसले, गुडघे वाकवून, छाती पुढं, जशी पाठलाग करताना वाकायची तशी, आणि सुटले. वीस पावलांएवढंच अंतर असंल. पण बाई, तो वारा तोंडावर. मी काय पळत नव्हते, पाय हलत नव्हते, आणि तरी मी पळत हुते. चव्वेचाळीस वर्षांनी माझं अंग मला परत भेटलं, असं काय तरी वाटलं, मला नीट सांगता येत न्हाई. थांबायचं कसं ते आठवलं न्हाई आणि दोरीच्या कुंपणात जाऊन पडले, तोंडात बर्फ, आणि हसू आवरेना. जोननं ईराला इचारलं, हिनं आधी कधी केलंय का हे. ईरा म्हणाली, नो, शी प्लेज खो-खो. दोन दिवस मी सकाळी पहिली जायची आणि शेवटची यायची, जेवायला बोलवायला माणूस पाठवावा लागायचा. रात्री मांड्या अशा दुखायच्या की गरम फरशीवर पाय पसरून बसायची.

चौथ्या दिवशी जोन म्हणाली, आज वर. वर म्हंजे पाळण्यात बसून, तारेवरनं, डोंगराच्या खांद्यापर्यंत, आणि तितनं सोपा लांब उतार. वैशाली जोनशी दहा मिनिटं बोलली, मग म्हणाली, जा, पण ईरा तुझ्याबरोबर राहील. जोन दोन शिकाऊंना घेऊन पुढच्या पाळण्यात, मागच्यात मी आणि ईरा. पाय खाली लोंबकळत्यात, पट्ट्या लावलेल्या, खाली झाडांचे शेंडे, आणि लांब टाहोचं तळं दिसलं, निळंशार, चारी बाजूनी पांढरं. मी हात जोडले. ईरानं बी जोडले, कशाला ते तिला ठाऊक न्हाई.

आणि पाळणा थांबला. आधी वाटलं थांबतो असा, आधी बी थांबला हुता. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग वारं सुटलं. पाळणा झोके घ्यायला लागला, तार कुईकुई करायला लागली, खालचं तळं दिसेनासं झालं, नुसतं पांढरं. जोन पुढनं काय तरी ओरडत हुती, हात हलवत हुती, ऐकू येत नव्हतं. ईरानं नाक पुसायला हातमोजा काढला आणि तो खाली पडला. तशी ती रडायला लागली, आय वॉन्ट मॉम, आय वॉन्ट मॉम. मी माझ्या जाकिटाची चेन उघडली आणि तिचा हात माझ्या पोटाशी घेतला. बर्फाचा गोळा. आणि मला बी भ्या वाटत हुतं, खोटं कशाला बोलू, खाली दोन माडीच्या घराएवढं अंतर हुतं. पण भ्याची एक गंमत हाय, मांडीवर लेकरू असलं की ते तुमच्या वाट्याला पुरतं येतच न्हाई.

मी म्हणलं, ईरा, खो-खो सांगू का. ती रडतच हुती. मी आपली सांगत गेले, मराठीत, आठ जणी वळीनं बसायच्या, एकीचं तोंड हिकडं, दुसरीचं तिकडं, नववी पळणार, दमली की बसलेलीच्या पाठीवर थाप मारणार आणि खो म्हणणार. खो मिळाला की बसलेलीनं उठायचंच, वाट बघायची न्हाई, मागं बघायचं न्हाई. ती रडायची थांबली. मग हळूच मराठीत इचारलं, आज्जी, आणि उठली नाही तर. मी म्हणलं, असं हुतच न्हाई, अंगच उठतं. मग तिनं इचारलं तू किती फास्ट होतीस, तुझी बेस्ट फ्रेंड कोण होती, तुला शूज होते का. शूज नव्हते म्हणलं, तर तिला ते खरंच वाटेना. तास सव्वा तास असाच गेला. तुम्हाला सांगते, वर्षभरात जेवढं बोललो नसतो तेवढं त्या पाळण्यात बोललो, आणि अर्धं कळलं न्हाई तर तिनं माझ्या तोंडाकडं बघून घेतलं.

मग खाली लाल जाकिटं दिसली, पाठीवर पांढरी फुली असलेली. डोंगरावरची सुटका करणारी माणसं. एकेका पाळण्याखाली येऊन त्यांनी तारेवरनं दोर टाकला, दोराला पट्ट्याचं आसन, ते काखेतनं घ्यायचं आणि पाळण्यावरनं घसरायचं, खालचा माणूस दोर सैल सोडत सोडत उतरवणार. जोन उतरली, तिचे दोघं उतरले. आमचं आसन वर आलं. खालनं माणूस ओरडला, किड फर्स्ट. मी ईराच्या काखेतनं पट्टा घेतला, दोनदा ओढून बघितला. आणि ती पाळण्याच्या दांडीला चिकटली. नो, आज्जी यू गो, आय कान्ट. बोटं सोडेना. मी समजावलं, खालनं माणसानं समजावलं, जोननं समजावलं. तिचे ओठ निळे पडायला लागलेले. मी विचार काय केला न्हाई, तिच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि म्हणलं, खो.

गेली. तुम्हाला खोटं वाटंल, पण गेली, तशीच पुढं झुकली आणि गेली, गोल गोल फिरत खाली, आणि खाली पोचल्यावर वर बघून हात केला. आसन परत वर आलं, पण मला पट्टा घालता येईना. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. सुटले तेव्हा डोळे मिटले हुते, आणि टेकले ते वाकडी, उजवा गुडघा आत वळला आणि कच्च झालं. कुणाला बोलले न्हाई.

लाल जाकीटवाला म्हणाला, तुम्हाला बर्फावरच्या गाडीतनं खाली नेतो. ईरानं सांगितलं मला. मी उताराकडं बघितलं. वारं पडलं हुतं, ऊन आलं हुतं, उतार असा मऊ, कुणी न उमटवलेला. मी म्हणलं, त्यांना सांग, थँक्यू, मी पायानं जाते. जोननं माझ्या तोंडाकडं बघितलं, दोन बोटं गुडघ्याकडं दाखवली, तिला कळलं हुतं. मी मान हलवली. मग ती पुढं, मी मधी, ईरा मागं. सूप करत, आडवं आडवं, हळूहळू. दोनदा पडले, दोनदा उठले. शेवटच्या वळणानंतर उतार सरळ हुता, तितं मी सूप सोडलं आणि पाय सरळ केले. आणि आईशप्पथ, मी ओरडले. काय ओरडले ते ठाऊक न्हाई, ईरा बी ओरडली, आणि दोघी ओरडत खाली आलो.

खाली वैशाली घोंगडं घेऊन उभी, तोंड पांढरं. आधी ईराला कवळलं, मग माझ्याकडं आली आणि माझे दोन्ही दंड धरून रागावली, इतकी रागावली, गाडी देत होते तर का नाही बसलीस, तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं, आणि रागवता रागवताच रडायला लागली. चार लोक बघत हुते. मग जोन आली आणि वैशालीला काय तरी म्हणाली, लांबलचक. वैशाली ऐकत ऐकत माझ्याकडं बघत ऱ्हायली. नंतर मी इचारलं काय म्हणाली गं ती. तर म्हणाली, जोन म्हणाली की ती चाळीस वर्षं शिकवतेय, आणि तुझ्यासारखी उशिरा आलेली आणि एवढी घाई असलेली बाई तिला भेटली नाही.

परत आल्यावर गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टरनं फोटो काढला, म्हणाला आतली गादी फाटलीय, ऑपरेशन गावी करा न्हाईतर सांभाळून ऱ्हावा, पहिल्यासारखं हुणार न्हाई. न्हाई तर न्हाई. वैशालीनं विमानतळावर ढकलखुर्ची सांगून ठेवलीय, पुढच्या गुरुवारी मी निघाले. बसणार मी खुर्चीत, लाज कसली त्यात. ईरा रोज शाळेतनं आली की माझ्या पायावर बर्फाची पिशवी ठेवते आणि शेजारी बसून मला तिच्या बाईंच्या चहाड्या सांगते, निम्म्या मराठीत. तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसता, तुम्ही बी जा एकदा तितं, आणि खिडकीशी बसू नका. सुखात ऱ्हावा, लेकरंबाळं सुखात ऱ्हावोत.

आता विट्यात गेले की बायका इचारतील, कमल, पायाला काय झालं गं. आमच्या गल्लीत समद्यांचेच गुडघे गेल्यात, कुणाचे पाणी वाहून, कुणाचे मागावर उभं ऱ्हाऊन. मी सांगणार, माझा खेळून गेला.